सुई टोचून खेळलेले सामने

अध्यक्षांनी बुटाच्या टोकानं माझा गुडघा दाबला.

हात लावला नाही. बूट लावला. काळा, पॉलिश मारलेला. मी शाळेच्या एका खोलीत बाकावर आडवी पडले होते. उजवा गुडघा सुजून टरबुजासारखा झालेला. बाहेर मैदानात मंडप होता आणि लाउडस्पीकरवर आमच्या संघाचं नाव पुकारत होते. कबड्डीची फायनल होती.

"दुखते काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"हाव."

"पाय टेकते?"

"नाई टेकत, साहेब."

त्यांनी बूट पुन्हा दाबला. मी ओरडले. मग ते गजूकडे वळले. गजू आमच्या संघाबरोबर फिरायचा. आम्ही त्याला डॉक्टर म्हणायचो. तो डॉक्टर नव्हता. कधीतरी कुठल्या दवाखान्यात कंपाउंडर होता.

"टोच बे," अध्यक्ष म्हणाले. "या लोकाइच्या बाया वावरात बाळंत होतात अन् दुसऱ्या दिवशी तन निंदाले येतात. हिच्या गुडघ्याचं काय घेऊन बसला?"

खोलीतले सगळे हसले. गजू हसला. आमचे सर, म्हणजे प्रशिक्षक, हसले. दारात उभ्या असलेल्या संघातल्या दोघी हसल्या.

मीही हसले.

हे सांगायला मला फार वेळ लागला. कोणी अपमान केला ते सांगता येतं. त्या अपमानावर आपण दात काढले होते, ते घशातून बाहेर येत नाही.

गजूनं कमरेखाली सुई टोचली. दहा-पंधरा मिनिटांत गुडघ्यातली आग विझली. इथपर्यंत ठीक. पण तिच्याबरोबर आणखीही काय काय विझलं. बूट विझला. हसणं विझलं. लहानपणापासून छातीत एक खडा घेऊन मी फिरत होते, तो विरघळला. अंगात एवढी शांतता असू शकते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

त्या सामन्यात मी एका चढाईत तिघींना बाद केलं. लोक उभे राहिले. शिट्ट्या वाजल्या. सरांनी मला खांद्यावर उचललं. संध्याकाळी औषध उतरलं तेव्हा मला पाय जमिनीवर ठेवता येईना. मी गजूला विचारलं, "अजून हाय काय थे औषध?"

मीच विचारलं.

मी आसेगावची. आमचं घर बौद्धवस्तीत, विहाराला लागून. बाबा शाळेत शिपाई होते. माय रोजीनं लोकांच्या वावरात जायची. बाबा संध्याकाळी विहारात वंदना घ्यायचे. त्यांचा आवाज बारीक होता, पण पंचशील म्हणताना ताठ व्हायचा. त्यांनी उभ्या आयुष्यात दारू, विडी, तंबाखू कशाला हात लावला नाही. मी बारावीत असताना ते काविळीनं गेले.

कबड्डी मी शाळेत धरली. कबड्डीला काही लागत नाही. बूट नाही, बॅट नाही, जाळी नाही. अंग लागतं. अंग आमच्याकडे होतं. आणि त्या खेळात एक गंमत होती. मला सगळ्यांना शिवावं लागायचं आणि सगळ्यांना मला धरावं लागायचं. ज्या घरी मला पाणी वरून ओंजळीत मिळायचं, त्या घरची पोरगी मैदानावर माझ्या कमरेला लोंबकळायची. मी तिला ओढत मध्यरेषेपर्यंत न्यायची. श्वास कोंडून, कबड्डी कबड्डी म्हणत. त्या रेषेला हात लागला की गुण माझा, मग जग काय म्हणेल ते म्हणो.

वाशीमला एका शिक्षणसंस्थेचा महिला संघ होता. संस्था अध्यक्षांची. कॉलेज त्यांचं, कापसाचं जिनिंग त्यांचं, मैदान त्यांचं. त्यांनी मानधनावर खेळाडू ठेवल्या होत्या. वसतिगृहात राहायचं, दोन वेळा जेवायचं, गावोगावच्या इनामी स्पर्धा खेळायच्या. कोणाचं नशीब उघडलं तर राज्याचा संघ, त्याच्याही पुढे टीव्हीवरच्या लीगा. वर अध्यक्षांचा शब्द. दोन वर्षं खेळ, मग तुले क्रीडाशिक्षक म्हणून चिकटवतो.

माय मला सोडायला वाशीमपर्यंत आली होती. वसतिगृहाच्या दारात म्हणाली, "आंग सांभाळजो वं. आपल्यापाशी आंगच हाय."

दोन वर्षं झाली, नोकरी काही लागली नाही. तिसऱ्या हंगामात गुडघा गेला. पाय मॅटमध्ये अडकला. मी वळले, पाय वळला नाही. आत कट् करून आवाज झाला. सर म्हणाले, "मुरगळला. हंगाम संपला की नागपूरले दाखवू."

हंगाम संपलाच नाही. एक स्पर्धा संपली की दुसरी लागायची. आधी फक्त फायनलला सुई. मग सेमीफायनललाही. मग सगळ्या सामन्यांना. मग सरावाला गोळी. गजू पांढऱ्या गोळ्यांची पट्टी माझ्या हातावर ठेवायचा आणि म्हणायचा, "जेवल्यावर घेजो." मी जेवायच्या आधी घ्यायची. मग जेवायचीच नाही.

गुडघ्यासाठी म्हणून सुरू झालं होतं. नंतर गुडघ्याचा काही संबंध राहिला नाही. सकाळी गोळी नसली की नाकातून पाणी यायचं. जांभया थांबायच्या नाहीत. अंगावर काटा उभा राहायचा, भर उन्हात. गोळी पोटात गेली की मी माणसात यायची. एकाची दोन झाली, दोनाच्या चार. अंगाला खाज सुटायची. पाळी चुकत गेली. मॅटवर माझे डोळे जड असायचे. समोरच्या संघाच्या पोरी मला घाबरायच्या, कारण मला लागलेलं मला कळायचं नाही. बोट मोडलं तरी मी चढाईला जायची. लोक म्हणायचे, काय वाघीण हाय. मी वाघीण नव्हते. माझ्या अंगातून मीच निघून गेले होते.

संघातल्या पोरींनी माझं नाव पाडलं, गोळी. आधी प्रेमानं, कारण मी गोळीसारखी सुटायची. नंतर तसं नाही.

वाशीमच्या मेडिकलवाल्यांनी मला ओळखलं आणि देणं बंद केलं. मग मी मंगरूळपीर गाठायची, कारंजा गाठायची. खोटं बोलायची. आजीला कॅन्सर आहे म्हणायची. माझी आजी मी जन्मायच्या आधीच गेली.

आता मायच्या गोळ्यांचं सांगते.

जन्मभर वाकून मायची कंबर गेली होती. मंगरूळपीरच्या डॉक्टरनं तिला गोळ्या लिहून दिल्या होत्या. त्याच, पांढऱ्या. रोज अर्धी, फार दुखलं तरच. तिनं त्या कागदाच्या पुडीत सुट्या करून डाळीच्या डब्यात ठेवल्या होत्या. मी दिवाळीत घरी गेले. पहिल्याच दिवशी पुडी सापडली. मी त्या काढून घेतल्या आणि तेवढ्याच चुन्याच्या, म्हणजे कॅल्शियमच्या, गोळ्या पुडीत भरल्या. आकार सारखाच होता.

महिनाभर माय कॅल्शियमच्या गोळ्या खाऊन तूर आणि कापसात वाकत होती.

पुढच्या खेपेला मी घरी गेले तेव्हा ती चुलीपुढे बसली होती. भाकर थापत होती. मान वर न करता म्हणाली, "गोळ्या बदलल्या न तू?"

"कोन्या गोळ्या?"

"मी अडाणी असन. पण माह्या आंगाले समजते."

तिनं मला शिव्या द्यायला पाहिजे होत्या, मारायला पाहिजे होतं. ती उठली. कमरेवर हात ठेवून, भिंत धरून. डॉक्टरकडून नवीन पुडी आणली होती. ती तिनं माझ्यापुढे ठेवली.

"घे. तुले जास्त दुखत असन."

मी घेतली.

ही एवढी एक गोष्ट सांगून मी थांबले असते तरी चाललं असतं. याच्यापेक्षा खाली जागा नाही. मी तिच्यासमोर पुडी उघडली, दोन गोळ्या तोंडात टाकल्या आणि तिच्याच हातून पाणी घेतलं.

त्या संध्याकाळी विहारात वंदना होती. माय मला घेऊन गेली. सगळे पंचशील म्हणत होते. पाचवं शील नशेपासून दूर राहण्याचं. लहानपणी मी ते बाबांच्या आवाजात आवाज मिसळून म्हणायची. त्या दिवशी पाचव्या शीलाला माझे ओठ मिटले. माझ्या शेजारी मायचेही मिटले. का मिटले ते मी तिला आजवर विचारलेलं नाही.

त्याच हंगामात शिवानी पडली. शिवानी आमची कॅप्टन आणि अध्यक्षांची सख्खी पुतणी. पोरगी वाईट नव्हती. खेळायची चांगली. सरावात तिचा पाय तसाच अडकला, तशीच ती वळली, तसाच कट् आवाज झाला. मी दोन हातांवर उभी होते. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

अध्यक्ष खुर्चीवरून उठून पळत आले. बूट काढले. मॅटवर बूट चालत नाहीत हे त्यांना त्या दिवशी आठवलं. मांडी घालून बसले आणि तिचा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला. "कोनी हलवू नका तिले. बर्फ आणा."

सवयीनं गजू आपली पिशवी घेऊन पुढे झाला. सिरिंज काढली. अध्यक्षांनी त्याच्या हातावर फाडकन मारलं.

"हो तिकडं! पोरीचं आयुष्य खराब करतं काय बे?"

कोणी माझ्याकडे पाहिलं नाही. तासाभरात गाडी आली. शिवानी नागपूरला गेली, तिथं तिचं ऑपरेशन झालं. वर्षभर तिला कोणी मैदानावर येऊ दिलं नाही. आज ती चालते, पळते. चांगलं आहे. तिच्यावर माझा राग नाही.

पण अध्यक्षांना माहीत होतं. सुईनं काय होतं ते त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मला वाटत होतं की अडाणीपणा असेल, घाई असेल, फायनल असेल. तसं काही नव्हतं. खराब व्हायला आयुष्य असावं लागतं, आणि माझ्याकडे ते आहे असं त्यांना कधी वाटलंच नव्हतं.

हे मला कळलं. लख्ख कळलं. आणि मी काय केलं? वसतिगृहात जाऊन दोन गोळ्या जास्त खाल्ल्या.

कळणं आणि उठणं यात फार अंतर असतं.

कारंज्याकडच्या एका गावात सामना होता. दुपारचं ऊन. मी सकाळपासून किती गोळ्या घेतल्या ते मला ठाऊक नाही. वर गजूची सुई. चढाईला निघाले. मध्यरेषा ओलांडली एवढं आठवतं. मग डोळ्यांपुढे सगळं पांढरं झालं.

नंतर पोरींनी सांगितलं. मी ताठ झाले, पडले आणि हातपाय झाडू लागले. तोंडाला फेस आला. चड्डी ओली झाली. गावभर लोक बघत होते. समोरच्या संघानं मला रेषेच्या आत आहे म्हणून धरून ठेवलं, त्यांना वाटलं मी निसटायला बघते. पंचानं शिट्टी मारून मला बाद दिलं. मग कोणीतरी मिरगी आली म्हणून ओरडलं आणि कोणीतरी माझ्या नाकाला चप्पल लावली.

शुद्धीवर आले तेव्हा सरकारी दवाखान्यात होते. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी माझी पिशवी पाहिली, गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या पाहिल्या. म्हणाल्या, "याच गोळ्यांनी झटका आला. अजून आठवडाभर अशाच घेतल्या असत्या तर तू वाचली नसतीस."

बातमी फुटली. दोन दिवसांनी अध्यक्षांनी मला ऑफिसात बोलावलं. ते, सर आणि गजू बसले होते. मला बसा म्हणाले नाहीत. सुई उतरलेली, मी काठी टेकून उभी. टेबलावर एक टाइप केलेला कागद होता. सरांनी तो माझ्याकडे सरकवला.

कागदावर लिहिलं होतं की मी स्वतःच्या मर्जीनं नशेच्या गोळ्या घेत होते. संस्था, प्रशिक्षक किंवा संघातील कोणाचाही त्याच्याशी संबंध नाही. खाली माझं नाव. सहीची जागा रिकामी.

"सही कर वं बेटा," सर म्हणाले. "बाकी पोरींचा विचार कर. संघावर बंदी आली त त्या कुठं जातीन?"

मी पेन उचललं. खोटं सांगत नाही. उचललं. माझं अंग थरथरत होतं, नाक गळत होतं. गजूच्या खिशाकडे माझं लक्ष होतं. सही केली की तो एक पट्टी देईल, हे मला न सांगता समजलं होतं.

तेवढ्यात अध्यक्ष सरांना म्हणाले. मला नाही, सरांना. मी तिथं नाहीच अशा आवाजात.

"आपली चूक झाली. खानदान पाहून घ्याव लागते. बाप दारूनं मेला, पोरगी गोळीनं मरन. या लोकाइचं ठरलेलं हाय."

मी पेन खाली ठेवलं.

"माह्या बापानं दारूले कधी हात नाई लावला," मी म्हणाले.

"बरं. सही कर."

"काविळीनं गेले थे."

"सही कर म्हटलं न."

"नाई करत."

तीन वर्षांत त्या माणसांपुढे मी पहिल्यांदा नाही म्हणाले होते. आवाज फाटका निघाला. शूरपणा वगैरे काही नव्हता. मायला मी लुबाडलं होतं, शीलाला तोंड मिटलं होतं, अंग विकून झालं होतं. बाप तेवढा शिल्लक होता. तो मी देऊ शकत नव्हते.

मी कागद उलटा केला. मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. पहिलं इंजेक्शन मला अध्यक्षांच्या सांगण्यावरून गजूनं दिलं. सर हजर होते. त्याच्यानंतरचीही गजूनंच दिली. गोळ्या गजूनं दिल्या. खाली सही केली.

"ही घ्या सही."

अध्यक्षांनी वाचलं. शांतपणे चार तुकडे केले. "सामान उचल," म्हणाले.

माझी पेटी वसतिगृहाच्या फाटकाबाहेर ठेवलेलीच होती. मी ती ओढत एसटी स्टँडवर गेले. गोळीविना तो चौथा तास होता, आणि मला भीती अध्यक्षांची वाटत नव्हती. संध्याकाळची वाटत होती.

घरी चार दिवस. ते चार दिवस कोणाच्या वाट्याला येऊ नयेत. हगवण, ओकारी, पोटात पीळ. पाय आपोआप झटके मारायचे, दुखरा पायही. माय माझ्या पायांवर आडवी पडून राहायची, ते दाबून धरायला. तिची कंबर तशी. मी तिला शिव्या दिल्या. कुठं लपवल्या सांग म्हणून डाळीचा डबा उपडा केला. चौथ्या दिवशी तिनं शेजाऱ्याची मोटारसायकल बोलावली आणि मला मधे बसवून वाशीमच्या सरकारी दवाखान्यात नेलं.

व्यसनमुक्तीची ओपीडी. बाहेर बाकावर सगळे पुरुष. दारूवाले. त्यांच्या बायका पदर तोंडाला लावून शेजारी. चिठ्ठी करणारा माणूस मला म्हणाला, "पेशंटले घेऊन ये बाई. नुसती तू येऊन काय फायदा?"

"मीच पेशंट."

त्यानं वर पाहिलं. बाकावरच्या सगळ्यांनी पाहिलं. एक दारूवाला हसायला लागला. माय त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. तो गप्प झाला.

तिथल्या समुपदेशक ताईंनी मला पहिल्या दिवशी काही उपदेश केला नाही. एकच विचारलं. "पहिली कोणी दिली?" आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. सगळे विचारायचे, तू का घेतली. मी त्यांना बूट सांगितला. वावरात बाळंत होणाऱ्या बाया सांगितल्या. सांगताना पहिल्यांदा आठवलं, मी माझ्या मायच्या पोटातून कशी आले. माय लोकांच्या वावरात तण निंदायला गेली होती. बांधावर कळा सुरू झाल्या. गाडी मागितली तर मालकानं बैल मोकळे नाहीत म्हणून सांगितलं. ती मला घेऊन चालत घरी आली. अध्यक्ष खोटं बोलले नव्हते. आमच्या बाया वावरात बाळंत होतात. त्यांच्यासाठी कोणी गाडी जुंपत नाही म्हणून.

आणि मी त्याच्यावर हसले होते.

तुम्हाला वाटत असेल आता बरी झाले असेन. नाही झाले. औषधं देऊन देऊन त्यांनी मला हळूहळू सोडवलं. त्यानंतर मी दोनदा घसरले. एकदा विळ्यानं सोयाबीन सोंगताना गुडघा असा धरला की मी वावरातून थेट मेडिकलवर गेले. दुसऱ्यांदा काही कारणच नव्हतं. बुधवार होता, एवढंच कारण. आता काही महिने झाले, घेतलेली नाही. किती महिने ते मी मोजत नाही. मोजलं की वाटतं काही जमा होतंय. काही जमा होत नाही. रोज सकाळी पुन्हा पहिल्यापासून.

गुडघ्याचे डॉक्टर म्हणाले, आतली दोरी तुटून वर्षं झाली, त्याच्यावर खेळून खेळून गादीही गेली. ऑपरेशन केलं तरी चालण्यापुरतं. खेळणं विसर. माझं वय सव्वीस आहे.

तक्रारही केली. जिथं जिथं करता येते तिथं तिथं. एका साहेबांनी विचारलं, "पुरावा?" मी सलवार वर करून गुडघा दाखवला. ते म्हणाले, "हा पुरावा नाही होत." दुसऱ्यांनी समजावलं, बाई, गोळ्या तुझ्या पिशवीत सापडल्या, जास्त ताणलं तर तूच अडकशील. वस्तीतल्या लोकांचे दोन तट पडले. अर्धे म्हणाले लढ. अर्धे म्हणाले, समाजाचं नाव खराब केलंस, आता गप बस. लढ म्हणणारेही पुढच्या महिन्यात आपापल्या कामाला लागले. त्यांचंही खरं आहे.

मी रोजीनं जाते. बसून करायची कामं मिळाली तर. शेंगा तोडणं, मिरची निवडणं. मायच्या शेजारी बसते. दोघींची दुखणी दोघींना माहीत. दोघीही आता अर्धी गोळीसुद्धा घेत नाही. ती माझ्यामुळं घेत नाही. घरात नको म्हणून.

मग पायलचं कळलं.

माझ्या जागी त्यांनी पायलला घेतलं. कामरगावची. एकोणीस वर्षांची. जात वेगळी, पण आईबाप दुसऱ्याच्या तुकड्यावर भाजीपाला लावून बाजारात बसणारे. चढाई चांगली करते. मी तिचा सामना एकाच्या मोबाईलवर पाहिला. चढाई करून परतताना तिनं डावा खांदा धरला आणि पुढच्या चढाईत तोच खांदा मोकळा फिरवला. मधे दहा मिनिटं ती मैदानावर नव्हती. दहा मिनिटांत खांदा बरा होत नाही.

मी जीपनं कामरगावला गेले. तिची आई अंगणात मेथीच्या जुड्या बांधत होती. पायल सुट्टीत आलेली, नळावर पाणी भरत होती. मी सगळं सांगितलं. काहीच राखलं नाही. मायच्या पुडीचंही सांगितलं.

पायलची आई म्हणाली, "बाई, साहेबानं शबूद देल्ला हाय. दोन वर्षानं नोकरी लावून देतो म्हणे."

"मलेही देल्ला होता."

पायलनं हंडा खाली ठेवला. "ताई, तुमचं संपलं म्हून माह्यं संपवाले आल्या काय?"

तिच्या वयाची असताना मीही हेच म्हणाले असते. याच्यापेक्षा वाईट म्हणाले असते.

गेल्या रविवारी कामरगावला सामने होते. मी गेले. खेळाडूंच्या कापडी राहुटीपाशी पोचले. आत पायल कुशीवर पडलेली, गजू सिरिंज भरत होता. सर फोनवर बोलत होते. गजूनं मला पाहिलं आणि खुश झाला.

"कायले आली वं? पायजेत काय?"

त्यानं पिशवीत हात घातला आणि एक पट्टी काढून माझ्यापुढे धरली. पांढऱ्या दहा गोळ्या. चांदीचा कागद उन्हात चमकत होता. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. माझा हात पुढे गेला. इतक्या महिन्यांनंतर, सगळं माहीत असून, माझा हात पुढे गेला. मी तो दुसऱ्या हातानं धरून मागे ओढला.

"पायल," मी म्हणाले. "उठ."

पायलनं तोंड फिरवलं. गजूनं सुई टोचली. सरांनी दोन पोरांना हाक मारली. त्यांनी मला दंडाला धरून बाहेर काढलं. मंडपाच्या मागच्या चिखलात मी पडले. मैदानावर टाळ्या वाजत होत्या. पायल जिंकत होती. छान खेळत होती.

ती माझं ऐकणार नाही. तिच्यानंतरची ऐकणार नाही. अध्यक्षांचं काही वाकडं होणार नाही, पुढच्या निवडणुकीत ते कदाचित उभेही राहतील. माझा गुडघा सरळ होणार नाही. एखाद्या दिवशी गजूनं पट्टी पुढे केली आणि माझा दुसरा हात पहिल्या हाताला धरू शकला नाही, असंही होईल. मी स्वतःची खात्री देत नाही.

पण आजवर त्या राहुटीत जे चाललं ते सगळ्यांच्या हसण्यात चाललं. तिथं पाहणारं कोणी नव्हतं. इथून पुढे असेल. ते मला ढकलतील, मी पुन्हा येईन. मारतील, तर मार खाऊन त्याच जागी उभी राहीन आणि पोरीचं नाव घेऊन मोठ्यानं सांगीन की हे काय आहे आणि यानं माझं काय झालं. पोरीनं सुई घेतली तरी सांगीन. घेतेवेळी तिला माहीत असलं पाहिजे. मला माहीत नव्हतं.

येत्या रविवारी मंगरूळपीरला सामने आहेत. आसेगावहून पहिली जीप सकाळी सुटते. मी तिच्यात बसणार आहे.